लेकी वगळलेल्या वंशावळी

पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजला ज्यांचं नाव दिलं, ते मुंबईचे गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन हे लॉर्ड डलहौसीचे जावई. चेन्नईच्या कन्नेमरा लायब्ररीला ज्यांचं नाव आहे, ते मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड कन्नेमरा हेही डलहौसीचेच जावई. ज्या माणसानं सातारा, झाशी आणि नागपूर ‘औरस वारस नाही’ म्हणून खालसा केलं, त्याला स्वतःला मुलगा नव्हता. दोन मुली होत्या. थोरली सुसान, धाकटी इडिथ. जावयांची नावं दोन शहरांच्या रोजच्या बोलण्यात आहेत. लेकींची नावं पुण्यात किंवा चेन्नईत कुणाला विचारून पाहा.

मी म्हैसूरच्या नजरबादमध्ये राहते. टिपूनं म्हैसूरचा जुना किल्ला पाडला आणि नवा बांधायला घेतला तो या भागात. १७९९ मध्ये टिपू पडला आणि इथले दगड पुन्हा म्हैसूरला वाहून नेले. शेजारच्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये मग कंपनीचे रेसिडेंट येऊन राहिले. राज्यं कुणाची राहायची आणि कुणाची जायची, याचे खलिते अशाच घरांतून लिहिले जात. पण मी हे लिहिते आहे ते इतिहासाच्या हौसेपोटी नाही. माझी नोकरी महसूल खात्यात झाली, आणि त्या नोकरीतला मोठा भाग वारसांच्या कागदांत गेला. तुमच्याकडे ज्याला वारस फेरफार म्हणतात, त्याला आमच्याकडे पौती खातं म्हणतात. त्यासाठी वंशवृक्ष जोडावा लागतो : मेलेला खातेदार वर, त्याच्या खाली बायको, मुलं, नातवंडं. अर्जदार प्रतिज्ञापत्र करतो, गावचा लेखापाल चौकशी करतो, शेजारीपाजारी महजरावर, म्हणजे पंचनाम्यावर, सह्या करतात. या कागदावर लोक काय लिहितात आणि काय गाळतात, ते मी जवळून पाहिलं आहे.

घराण्याची किंमत आपण वंशावळ किती मागे जाते यावरून ठरवतो. माझं म्हणणं असं, की जिच्यात बायका नाहीत ती वंशावळ अर्धी खोटी असते, मग ती चितोडला पोचो की एडिंबरोला. आणि हा खोटेपणा कपाटातल्या जुन्या कागदापुरता राहत नाही, तो जमिनीच्या खात्यावर उतरतो.

डलहौसीचंच घराणं घ्या. हे रॅम्से. आडनाव आलं इंग्लंडमधल्या हंटिंग्डनशरमधल्या रॅम्से या गावावरून; बाराव्या शतकात स्कॉटलंडच्या राजाबरोबर तिकडे गेलेल्या सरदारांपैकी त्यांचा मूळ पुरुष. स्कॉटलंडच्या सरदारांनी १२९६ मध्ये इंग्लंडच्या एडवर्ड राजाशी निष्ठेची शपथ घेतली, त्या यादीत एक विल्यम रॅम्से सापडतो. १६१८ मध्ये घराण्याला लॉर्डपद मिळालं, १६३३ मध्ये अर्लपद, आणि पंजाब जिंकल्यावर १८४९ मध्ये आपल्या डलहौसीला मार्क्विस ही त्याहून वरची पदवी मिळाली. एवढी सलग नोंद मिळते, कारण तिकडे ती ठेवण्याची व्यवस्था आहे. ‘लॉर्ड लायन’ नावाचा अधिकारी घराण्यांची चिन्हं आणि वंश तपासतो. त्याची नोंदवही १६७२ च्या कायद्यानं सुरू झाली आणि त्याचं न्यायालय आजही चालू आहे. खोटं चिन्ह मिरवणाऱ्याला तिथे दंड होऊ शकतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सर जेम्स बाल्फर पॉल या लॉर्ड लायननं स्कॉटिश सरदार घराण्यांचा नऊ खंडांचा ग्रंथ संपादित केला. डलहौसी घराण्याची कागदपत्रं एडिंबरोच्या सरकारी दप्तरखान्यात क्रमांक लावून ठेवली आहेत.

आता त्याच घराण्यातल्या बायका पाहा. डलहौसीचं पूर्ण नाव जेम्स अँड्र्यू ब्रॉन-रॅम्से. यातलं ‘ब्रॉन’ आईचं. आई क्रिश्चन ब्रॉन ही कोल्स्टन इस्टेटीची वारसदार होती, म्हणून त्या घराचं नाव मुलानं आपल्या नावाला जोडलं. आईकडून आलेली ही इस्टेट पुढेही लेकीकडे गेली. म्हणजे वारसा मुलीकडून चालतो, हे या माणसाला पुस्तकात वाचायची गरज नव्हती. रोज सही करताना आईच्या घराचं नाव त्याच्या हाताखालून जात होतं.

मुलगी सरदारकीची वारस होऊ शकते का, हा प्रश्नही त्याच्या देशात तोवर जुना झाला होता. सदरलंडचा अर्ल आणि त्याची बायको १७६६ मध्ये तापानं गेले. मागे उरली एक वर्षाची मुलगी, एलिझाबेथ. घराण्यातल्या पुरुषांनी दावा लावला, की अर्लपद मुलीकडे जाऊच शकत नाही. पाच वर्षं भांडण चाललं. जुनी दानपत्रं, सनदा, मागच्या पिढ्यांत पद कुणाकडून कुणाकडे गेलं त्याचे दाखले काढले गेले, आणि १७७१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं मुलीच्या बाजूनं निकाल दिला. डलहौसीच्या जन्माच्या एकेचाळीस वर्षं आधीची ही गोष्ट. त्याच एलिझाबेथच्या इस्टेटीवरून पुढे हजारो कुळांना घरं सोडायला लावली, हेही सांगितलं पाहिजे. बाई वारस झाली म्हणून ती कनवाळू होते असं काही नाही. मुद्दा एवढाच, की स्कॉटलंडच्या कायद्याला मुलगी दिसत होती.

तोच डलहौसी हिंदुस्थानात आला आणि इथल्या गाद्यांवरचे वारस मोजू लागला. साताऱ्याचे शहाजीराजे १८४८ मध्ये वारले. मरण्यापूर्वी त्यांनी दत्तक घेतला होता; कंपनीनं तो मानला नाही. झाशीच्या दामोदररावांचं तेच झालं. नागपूरच्या तिसऱ्या रघुजींच्या मागे राण्या होत्या. त्यांचं म्हणणं कुणी ऐकलं नाही, आणि राजवाड्यातलं सामान लिलावात निघालं. या तीन गोष्टी मराठी वाचकाला शाळेपासून पाठ असतात. चौथी गोष्ट दक्षिणेतली असल्यामुळे तिकडे कमी सांगितली जाते, आणि या लेखापुरती तीच सर्वांत महत्त्वाची आहे.

तंजावरच्या भोसल्यांनी आपली वंशावळ नुसती कागदावर ठेवली नाही, दगडात कोरली. दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले वंशाचं चरित्र मराठीत कोरवलं. हे सरफोजी स्वतः दत्तक. त्यांचा मुलगा शिवाजी १८५५ मध्ये वारला. त्याला मुलगा नव्हता. दोन मुली होत्या. मुलीला वारस मानावं असा विचार पुढे आला होता. तो कंपनी सरकारला पटला नाही. राज्य नावापुरतंच उरलं होतं, तेही संपलं, आणि राजवाडा, जडजवाहीर, खासगी मिळकत यांवर कंपनीनं हात ठेवला. थोरली राणी कामाक्षीबाई कोर्टात गेली. मद्रासच्या सुप्रीम कोर्टानं तिच्या बाजूनं निकाल दिला. १८५९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं तो फिरवला : सरकारनं राज्याधिकारात केलेल्या कृतीचा न्याय कोर्ट करू शकत नाही, असं कारण दिलं. कायद्याचे विद्यार्थी हा खटला अजून वाचतात.

पुढच्याच वर्षी, डिसेंबर १८६० मध्ये, डलहौसी मेला. मागे दोन मुली. तंजावरच्या राजासारख्याच. मार्क्विसपद फक्त मुलग्यांसाठी दिलेलं होतं, ते त्याच्याबरोबर संपलं. जुनं अर्लपद चुलत घराण्यातल्या फॉक्स मॉलकडे गेलं. ज्या हिशेबानं त्यानं इथली घराणी संपवली, त्याच हिशेबानं त्याची पदवी संपली. याला कुणी नियतीचा न्याय म्हणेल. मला तसं म्हणायचं नाही, कारण पदवी गेली तरी कोल्स्टनचं घर आणि इस्टेट लेकीला मिळाली. तंजावरच्या लेकींसाठी राज्यातलं काही उरलं नाही. तराजू एकच असता तर माझी तक्रार नव्हती.

आणि डलहौसीचा वंश खरोखर संपला का? इडिथचं लग्न १८५९ मध्ये सर जेम्स फर्ग्युसन यांच्याशी झालं. नवरा दक्षिण ऑस्ट्रेलियाचा गव्हर्नर असताना १८७१ मध्ये ती तिकडेच वारली. नवरा मुंबईला गव्हर्नर म्हणून आला तेव्हा ती नव्हती. तिचा मुलगा चार्ल्स न्यूझीलंडचा गव्हर्नर जनरल झाला. त्याचा मुलगा बर्नार्ड दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या जंगलात चिंडिट तुकड्यांबरोबर लढला आणि पुढे तोही न्यूझीलंडचा गव्हर्नर जनरल झाला. रॅम्से आडनावाच्या वंशावळीत यांतलं कुणी दिसत नाही. लेकीला गाळलं की तिच्या मागचे सगळेच गळतात.

आता आपल्या घरात येऊ. आमचं घर देशस्थांचं. घरात मराठी बोलतो, दाराबाहेर कन्नड. आमच्या काकांकडे मोडीतली एक वंशावळ आहे, कापडावर डकवलेली, गुंडाळी करून ठेवलेली. तिच्या माथ्यावर मूळ पुरुष, आणि तो शहाजीराजांबरोबर बेंगळुरूला आला असं घरात सांगतात. शहाजीराजे १६३८ मध्ये बेंगळुरूला आले हे खरं. दक्षिणेतल्या मराठी घरांना त्या फौजेत आपला एखादा पूर्वज हवाच असतो. सगळी घराणी त्या फौजेत मोजली तर आदिलशाहीलाही ती पोसता आली नसती. आमच्या मूळ पुरुषाचा पहिला पुरावा फार अलीकडचा आहे. त्याच्यापर्यंतची शिडी कुणीतरी मागाहून रचली आहे, हे अक्षरावरूनच कळतं : एकाच हातानं, एकाच बैठकीत सगळ्या पिढ्या लिहिल्या आहेत.

वर चढण्याची ही हौस सगळीकडे आहे. भोसले आणि घोरपडे घराण्यांचं मूळ चितोडच्या सिसोदियांत आहे का, यावर आपले इतिहासकार शंभर वर्षं भांडत आले. मुधोळच्या घोरपड्यांकडच्या फर्मानांवर कुणी विश्वास ठेवला, जदुनाथ सरकारांनी हा वंशसंबंध मानला नाही. स्कॉटलंडमध्ये कॅम्बेल घराण्याच्या जुन्या वंशावळी थेट आर्थर राजाला जाऊन भिडतात. तेव्हा त्या बाबतीत कुणी कुणाला हसू नये. फरक पडतो तो खालच्या पायऱ्यांवर, जिथे कागद असू शकतो आणि आपण तो ठेवत नाही.

आमच्या त्या गुंडाळीत एकाही बाईचं नाव नाही. प्रत्येक पुरुष जणू मागच्या पुरुषाच्या पोटातून आला आहे. आणि दक्षिणेतल्या घरांत तर हे आणखी हास्यास्पद होतं, कारण आमच्यात मामाशी, आतेभावाशी लग्नं होत आली आहेत. एकच बाई एका घरची लेक आणि त्याच नात्यात पुन्हा सून असते. बायकांची नावं काढून टाकली, की अशा घराची वंशावळ कुणालाच उलगडत नाही. शिवाय हिशेब करा. दोन आईबाप, चार आजीआजोबा, त्यांच्या मागे आठ, मग सोळा. दहाव्या पिढीत १,०२४ जागा होतात. नात्यातली लग्नं धरून खरी माणसं कमी भरतील, पण पुरुषाकडून पुरुषाकडे जाणारी रेघ त्या १,०२४ जागांपैकी एकच दाखवते. त्या एका जागेवर आपण कुळाचा अभिमान उभा करतो.

बायका शोधणं अवघड आहे हे मान्य. स्कॉटलंडमध्ये ते सोपं होतं, त्याचं कारण रक्त नाही, रिवाज आहे. तिथे लग्नानंतरही बाईचं माहेरचं आडनाव कायद्याच्या कागदावर आणि थडग्यावर राहायचं. १ जानेवारी १८५५ पासून सरकारी जन्ममृत्यूनोंद सुरू झाली, तेव्हापासून मृत्यूच्या दाखल्यावर मेलेल्याच्या आईचं नाव तिच्या माहेरच्या आडनावासह लिहितात. त्यामुळे शेतमजुराच्या घरातलाही माणूस आपल्या पणजीच्या आईपर्यंत पोचू शकतो. हे दाखले आज घरबसल्या संगणकावर, थोडी फी भरून, बघता येतात. सरदारांचे वंश तिकडे सरदारांनी जपले. गरिबांचे वंश जपले गेले ते सरकारी तक्त्यात आईसाठी एक रकाना होता म्हणून.

आपल्याकडे बाईचं नाव दोनदा पुसलं जातं. आडनाव बदलतं ते वेगळंच. बोहल्यावर तांदळात नवं नाव लिहून पाळण्यातलं नावही बदलतात. माहेरची गोदू सासरी सरस्वती होते. माहेरच्या कागदात सरस्वती सापडत नाही, सासरच्या कागदात गोदू सापडत नाही. दोन्ही घरांतली म्हातारी माणसं गेली, की या दोघी एकच होत्या हे सांगणारं कुणी उरत नाही.

तरी वाटा आहेत, आणि त्या वंशावळीच्या बाहेर आहेत. पहिली वाट आपल्याच धर्मकृत्यात आहे. महालयात तर्पण करताना नुसते बाप, आजा, पणजा येत नाहीत. आई, आजी, पणजी येतात, त्यांची नावं घ्यावी लागतात. आईच्या बाजूचे तिघे येतात, त्यांच्या बायका येतात. आत्या, मावशी, बहीण, लेक यांनाही पाणी दिलं जातं. ज्या घरात वंशावळीत बाई नाही, त्याच घरातल्या भटजींच्या वहीत किंवा आजोबांच्या पाठांतरात तिचं नाव आणि गोत्र असतं. वर्षातून एकदा ते उच्चारायचं आणि पळीभर पाण्याबरोबर सोडून द्यायचं, एवढीच आपली नोंद. आमच्या घरातल्या पणज्यांची नावं मला मिळाली ती तर्पणाच्या अशा एका यादीत.

दुसरी वाट माळ्यावर आहे. रुखवतात आलेल्या पितळी-तांब्याच्या भांड्यांवर नावं घातलेली असतात, देणाऱ्याचं आणि घेणारीचं. घागर, तपेलं, पंचपात्र उलटं करून पाहा. आमच्याकडे कन्नड लिपीत आणि बाळबोधीत अशी दोन्ही नावं सापडतात, आणि देणाऱ्याच्या नावावरून माहेर कळतं. लोक अशी भांडी मोडीत घालून नवी स्टीलची घेतात, तेव्हा घरातल्या बायकांचा एकुलता पुरावा तराजूत जातो. तिसरी वाट क्षेत्रोपाध्यांच्या वह्या : नाशिक, त्र्यंबक, पंढरपूर, काशी, गया. तिथे यात्रेकरूच्या नावाबरोबर कधी आईचं, कधी बायकोचं नाव मिळतं, कारण ती सोबत असते किंवा तिच्याच अस्थी घेऊन माणूस आलेला असतो. चौथी वाट इनामांची दप्तरं. मुंबई इलाख्यात १८५२ च्या कायद्यानं इनाम कमिशन नेमलं, म्हैसूर संस्थानातही पुढच्या दशकात इनामांची चौकशी झाली. अशा चौकशीत नवरा गेलेली बाई स्वतःच्या नावानं अर्ज करते, आपण कोण आणि कुणाची कोण हे सांगते. संकटात सापडल्यावरच का होईना, ती कागदावर येते.

हे शोधायला मोडी वाचणारी माणसं हवीत. पुण्याच्या पेशवे दप्तरात मोडी कागदांचे ढीग आहेत, आणि तंजावर, बेंगळुरू, म्हैसूरकडच्या मराठी घरांत खासगी कागद आहेत ते वेगळेच. हल्ली जातीच्या दाखल्यांसाठी महाराष्ट्रात मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. चांगलं झालं. पण त्या शोधातही सगळे पुरुषाच्याच रेघेवर बोट ठेवून मागे जातात, कारण दाखला तीच रेघ मागतो.

आता माझ्या नोकरीतल्या कागदांकडे येते. वंशवृक्ष लिहिताना लेकी गळतात. ‘एकच मुलगा’ असं प्रतिज्ञापत्र करून आलेल्या माणसाला मी विचारायचे, बहिणी किती? मग उत्तर येई, त्या दिल्या ना बाई, त्या आता त्या घरच्या. कुणी खोटं बोलतोय असं त्यांच्या चेहऱ्यावर नसायचं. त्यांना खरंच तसं वाटायचं, कारण देवघरात टांगलेल्या वंशावळीत त्यांनी लहानपणापासून तेच पाहिलेलं असतं. महजरावर सह्या करणारे शेजारी त्या बहिणींच्या लग्नात जेवलेले असतात, तरी सही करतात. पुढे जमिनीला भाव येतो, एखादी भाची वकिलाकडे जाते, आणि मग दहा-दहा वर्षं कोर्ट. जिथे बहिणींची नावं येतात तिथेही पुष्कळदा त्याच दिवशी त्यांच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेतात, साडीचोळी देतात आणि याला भावाबहिणीचं प्रेम म्हणतात. प्रेम असेल तर तिचं नाव खात्यावर राहू द्या, आणि मग ती काय देते ते तिला ठरवू द्या.

कायदा कधीच पुढे गेला आहे. महाराष्ट्रानं आणि कर्नाटकानं १९९४ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क दिला, अविवाहित मुलींपुरता का होईना. २००५ मध्ये केंद्राच्या दुरुस्तीनं तो सगळ्या मुलींना मिळाला. ऑगस्ट २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की २००५ साली बाप जिवंत असो वा नसो, मुलीचा हक्क जन्मापासूनचा आहे. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव असा क्रम सक्तीचा झाला. निर्णय चांगला आहे. पण आईचं पहिलं नाव लिहून काम अर्धंच होतं. ती कुठल्या घरची, हे त्यात येत नाही. शंभर वर्षांनी कुणी शोधायला बसलं तर त्याला लाखो सुनीता आणि लाखो मंगल सापडतील. त्यांतली आपली कोणती, हे कळणार नाही.

कुणी म्हणेल, राजघराण्यांचे आणि जहागिरीचे नियम वेगळे, सामान्य घराला ते कशाला? म्हैसूरचंच उदाहरण देते. डलहौसी १८५६ मध्ये परत गेला तेव्हा तिसरे कृष्णराज वडियार म्हातारे झाले होते आणि त्यांना औरस मुलगा नव्हता. त्यांच्या पश्चात म्हैसूरही कंपनीकडे यावं अशी डलहौसीची इच्छा होती. कृष्णराजांनी १८६५ मध्ये दत्तक घेतला, १८६७ मध्ये लंडननं तो मान्य केला, आणि ब्रिटिशांच्या हातात असलेलं राज्य १८८१ मध्ये घराण्याला परत मिळालं. पुढे २०१३ मध्ये श्रीकंठदत्त वडियार निपुत्रिक वारले. २०१५ मध्ये प्रमोदादेवींनी यदुवीर यांना दत्तक घेतलं, ते आज म्हैसूरचे खासदार आहेत. यदुवीर कोण? श्रीकंठदत्तांची थोरली बहीण गायत्रीदेवी, तिची लेक त्रिपुरसुंदरीदेवी, तिचा मुलगा. म्हणजे ही गादी आज एका विधवेच्या निर्णयावर आणि दोन लेकींच्या दुव्यावर उभी आहे. दसऱ्याला लाखो लोक ते पाहतात आणि कुणालाही त्यात वावगं वाटत नाही. जे राजवाड्यात चालतं ते तुमच्या सातबाऱ्यावर आणि आमच्याकडच्या पहाणीवर का चालू नये?

सरकारांकडे माझं मागणं दोन ओळींचं आहे. जन्म आणि मृत्यूच्या नोंदीत आईच्या नावाबरोबर तिचं माहेरचं आडनाव आणि गाव यांचे रकाने असावेत. आणि वंशवृक्षाच्या किंवा वारस नोंदीच्या अर्जात ‘मुलगे किती, मुली किती, हयात व मयत’ हे आकडे आधी विचारावेत, नावं नंतर. लेक गाळून केलेलं प्रतिज्ञापत्र खोटं ठरल्यावर अर्जदाराला खरोखर दंड व्हावा. याला नवी इमारत लागत नाही.

आणि वाचकहो, तुमच्याकडे मागणं याहून लहान आहे. येत्या पितृपक्षाची वाट पाहू नका. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाजवळ वही घेऊन बसा. आई, दोन आज्या, चार पणज्या : यांचं पाळण्यातलं नाव, सासरचं नाव, माहेरचं आडनाव आणि गाव एवढं लिहा. आत्या, मावश्या आणि त्यांच्या मुलांची नावं लिहा. भांडी मोडीत घालण्याआधी त्यांच्यावरच्या नावांचे फोटो काढा. मोडीतली वंशावळ असेल तर ती वाचून घ्या, तिची प्रत काढा, आणि जो दुवा सिद्ध होत नाही त्याच्यापुढे तसं स्पष्ट लिहा. आणि उद्या वडिलांच्या जमिनीचा वंशवृक्ष करायला तालुका कचेरीत जाल, तेव्हा सही करण्यापूर्वी बहिणींची नावं त्यात आहेत ना, हे स्वतः पाहा.